बावीस गुंठ्यांची वाडी आणि मधली सात वर्षे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर श्रीवर्धन तालुक्यातील समुद्रालगतच्या एका गावातील पाच माणसांच्या कुटुंबाने आपला संसार कसा सावरला, आणि कोणत्या बाबतीत तो अजूनही सावरलेला नाही, याची ही मांडणी आहे. हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. वादळानंतर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातील वाड्यांमध्ये ज्या अडचणी सर्रास उभ्या राहिल्या, त्यांवरून त्याचे तपशील जुळवले आहेत, म्हणून ते कोणा एका घराशी ताडून पाहू नयेत. वादळाच्या तारखा, सरकारी मदतीचे दर आणि झाडांच्या वाढीचे हिशेब मात्र प्रत्यक्षातले आहेत.

घरातील कर्त्या पुरुषाने पन्नाशी ओलांडली आहे. पत्नी, ऐंशीच्या घरातली आई, मुंबईत एका उपाहारगृहात कामाला असलेला मुलगा आणि त्या वर्षी बारावीत जाणारी मुलगी, असा परिवार. जमीन तीन ठिकाणी विखुरलेली आहे. वरच्या अंगाला दीड एकर भातशेती असून ती आजोबांकडे कुळकायद्याने आली व वडिलांच्या पश्चात याच कुटुंबाच्या नावावर झाली. डोंगरउतारावर थोडे वरकस, म्हणजे हलकी जमीन, आहे आणि त्यात काजूची काही झाडे आहेत. तिसरी जमीन म्हणजे घराच्या मागची बावीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी. भात घरी खाण्यापुरते होते, भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल होतात, आणि काजू हंगामापुरता हात ओला करतो. घरात रोख पैसा येतो तो वाडीतूनच.

वादळापूर्वी या वाडीत सुमारे ३०० पोफळी (सुपारीची झाडे) आणि २४ माड होते. पोफळींवर मिरीचे वेल चढवलेले होते, विहिरीकाठी जायफळाची दोन जुनी झाडे होती आणि पाटाच्या कडेने केळी होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी आकाराने मोठी आणि आतून जास्त पांढरी असल्यामुळे बाजारात तिला नाव आहे. असोली, म्हणजे न सोललेली, सुपारी बागायतदारांच्या सुपारी संघात घालायची, तिच्यावर उचल घ्यायची आणि माल विकला गेल्यावर उरलेली रक्कम घ्यायची, अशी या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. नारळ दीड-दोन महिन्यांनी पाडले जात, आणि पाडेल्याची मजुरी वजा जाता किराणा भागेल एवढे पैसे त्यातून सुटत. मिरी आणि जायफळ मुलांच्या शाळेच्या सुरुवातीला उपयोगी पडत. वाडीचे खरे मोल तिच्या एकूण उत्पन्नापेक्षा त्याच्या येण्यात होते, कारण वर्षाच्या कोणत्याही महिन्यात तिच्यातून काही ना काही विकता येत असे. त्यामुळे या कुटुंबाला मोठे कर्ज काढण्याची वेळ कधी आली नव्हती. सोसायटीचे भातासाठीचे लहानसे पीककर्ज ते दरवर्षी मार्चच्या आत फेडत असत.

वादळ दुपारी आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यात घराची कौले आणि पडवीचे पत्रे उडाले. पोफळ उंच, सडसडीत आणि तंतुमय उथळ मुळांची असल्यामुळे एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊन जाते. सायंकाळी वारा ओसरला तेव्हा २४० पोफळी आणि ११ माड एकमेकांवर आडवे पडले होते किंवा शेंड्याशी मोडले होते, जायफळाची दोन्ही झाडे मुळासकट उपटली होती, आणि विहीर झावळ्यांनी भरली होती. मुलगा टाळेबंदीमुळे नोकरी गमावून आधीच गावी आला होता. वीज कित्येक आठवडे आली नाही, त्यामुळे पंप बंद होता, फोन चार्ज करायला जागा नव्हती, आणि मुलीचे ऑनलाइन वर्ग तिच्यापुरते तरी सुरूच झाले नाहीत.

पहिला महिना

एकाच वेळी तीन कामे अंगावर आली होती आणि तिन्हींना माणसे लागत होती. छप्पर शाकारायचे होते, वाडी मोकळी करायची होती आणि भाताची पेरणी करायची होती. मृग तोंडावर आला होता. ताडपत्री, पत्रे आणि खिळे यांना एकाच वेळी सगळ्या तालुक्याची मागणी असल्यामुळे मिळेल त्या भावाने घ्यावे लागत होते. आईचे म्हणणे होते की वाडी आधी मोकळी करावी, कारण तिच्या डोळ्यांसमोर तीच आडवी पडलेली होती. कुटुंबाने मात्र घराच्या अर्ध्या भागावर ताडपत्री टाकून राहायचे, भात वेळेवर पेरायचे आणि वाडीला नंतर हात लावायचा, असे ठरवले.

माझ्या मते पुढच्या सगळ्या घडामोडींत हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरला. वाडीतून त्या वर्षी काहीच मिळणार नव्हते, ती आठ दिवस आधी साफ झाली काय आणि महिन्याने झाली काय. भाताची पेरणी चुकली असती तर मात्र रोख उत्पन्न बंद झालेल्या घरात तांदूळही विकत आणावा लागला असता. ज्या शेजाऱ्यांनी आधी वाडी उपसायला घेतली, त्यांची मजुरीवर मोठी रक्कम गेली आणि लावणीच्या वेळी हातात पैसा व अंगात बळ दोन्ही उरले नाही.

तरीही वाडीचे काम फार लांबवता येण्यासारखे नव्हते, आणि त्याचे कारण दिसण्यातल्या पसाऱ्यापेक्षा गंभीर होते. कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या तिथेच वाढतात आणि बाहेर पडलेले भुंगे उभ्या माडांचे कोवळे शेंडे पोखरतात. पोखरलेल्या जागेतून पुढे सोंड्या भुंगा शिरला तर अख्खा माड जातो. म्हणजे पडलेली ११ झाडे उचलली नाहीत तर वाचलेली १३ धोक्यात येणार होती. लावणी उरकताच बाप-लेकांनी शेजारच्या दोन घरांशी पैरा केला, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जायचे ठरवले, लाकूड कापण्याचे यंत्र तिघांत मिळून भाड्याने आणले आणि एकेक वाडी मोकळी केली. माडाच्या खोडांतून जे वासे निघण्याजोगे होते ते छपरासाठी ठेवले. पोफळीच्या खोडांना गिऱ्हाईक नव्हते. काही मांडवासाठी आणि कुंपणासाठी उभी फाडून ठेवली, बाकीची जाळली.

वाचलेल्या साठ पोफळींवर वेगळेच संकट होते आणि ते ऑक्टोबरच्या उन्हात लक्षात आले. पोफळ दाट सावलीत वाढलेले झाड आहे. आजूबाजूचे छत्र गेल्यावर दुपारनंतरचे ऊन थेट खोडावर पडते, साल भाजते, खोडाला चिरा जातात आणि पुढच्या एखाद्या वाऱ्यात ती तिथेच मोडते. खोडांना झावळ्या गुंडाळून आणि नैर्ऋत्येच्या बाजूने घाईने केळी लावून त्यांतल्या बऱ्याचशा वाचवता आल्या.

मदत आणि सातबारा

नुकसानभरपाईचा भाग थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण सरकारने काहीच केले नाही हे म्हणणे खरे नाही आणि मदत पुरेशी होती हेही खरे नाही. बहुवार्षिक फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपयांचा दर त्या वेळी लागू होता. निसर्ग वादळासाठी राज्य शासनाने तो ५०,००० रुपये केला आणि घराच्या अंशतः पडझडीसाठीची रक्कमही वाढवून १५,००० रुपये केली. परंतु हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. बावीस गुंठ्यांना या वाढीव दरानेही सुमारे ११,००० रुपये येतात. मोकळ्या रानातील बाग आणि जिच्यात दर पावलाला एक झाड उभे आहे अशी किनाऱ्यावरची वाडी, यांना क्षेत्राची एकच पट्टी लावल्यावर दुसरे काय होणार? बागायतदारांनी हाच मुद्दा लावून धरला, आणि पुढे नारळाच्या झाडामागे २५० रुपये व सुपारीच्या झाडामागे ५० रुपये असा झाडांवर आधारलेला दर मान्य झाला. या कुटुंबाच्या पडलेल्या झाडांचा हिशेब त्या दराने १४,७५० रुपये होतो. पद्धत सुधारली, पण चांगल्या निगराणीतील पोफळ वर्षाला दीड-दोन किलो वाळलेली सुपारी देते हे लक्षात घेतले, तर ५० रुपये म्हणजे त्या झाडाच्या एका वर्षाच्या पिकाचाही लहानसा अंश ठरतो, आणि झाड तर पुढची तीस-चाळीस वर्षे उभे राहणार होते.

झाड पूर्ण नष्ट झाले की नाही, यावरही पंचनाम्याच्या वेळी वाद झाला. पोफळ आणि माड यांना वाढीचा कोंब एकच असतो. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने फूट येते, पण शेंडा मोडलेली पोफळ खांबासारखी उभी दिसत असली तरी मेलेलीच असते. घाटावरून नेमणुकीवर आलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन पटत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. अशा झाडांपैकी काही अखेर यादीत आली, काही राहून गेली.

खरी अडचण मात्र रकमेपेक्षा सातबाऱ्यावर होती. भातशेती या कुटुंबाच्या स्वतःच्या नावावर होती, पण वाडी पणजोबांपासून सामायिक चालत आलेली. तिच्या सातबाऱ्यावर चौदा नावे होती आणि त्यांतील चार खातेदार मयत होते. एका मयताच्या वारसांची नोंदच झालेली नव्हती. प्रत्यक्षात वाडी गेली चाळीस वर्षे हेच कुटुंब कसत होते आणि बाकीच्यांना त्याबद्दल काही म्हणायचे नव्हते. गणपतीला आल्यावर नारळाची एक गोणी आणि थोडी सुपारी घेऊन जाण्यापलीकडे कोणी हिशेब मागितला नव्हता. मदतीची रक्कम एकाच्या खात्यावर जमा व्हायची तर मात्र सर्व सहखातेदारांची संमतीपत्रे लागणार होती. टाळेबंदीत लोक डोंबिवली, विरार, सुरत अशा ठिकाणी घरांत अडकून पडलेले, त्यामुळे कागद पाठवणे आणि परत मागवणे हेच एक काम होऊन बसले. बहुतेकांनी सही दिली. एका चुलत भावाने फोनवर सांगितले, “दादा, पैसे तूच घे, त्यात मला वाटा नको. पण उद्या जागेचं काही निघालं तर ही सही माझ्या आड येता कामा नये.” त्याच्या मनात लबाडी नव्हती. किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव काय झाले आहेत हे मुंबईत बसलेल्या माणसाला गावातल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. मदत शेवटी मिळाली, पण छपरासाठी ती हवी होती तेव्हा मिळाली नाही.

याच सातबाऱ्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वादळानंतरच्या हिवाळ्यात जमिनीचे दलाल गावातून फिरू लागले. आडव्या पडलेल्या वाडीकडे बघत बसलेल्या माणसाला रोख रकमेचा आकडा ऐकवण्याची ती नेमकी वेळ होती, आणि ज्यांची मालकी सुटी होती अशा काही घरांनी वाड्या देऊन टाकल्या. या कुटुंबातही मुलाचा कल विकण्याकडे होता. त्या पैशात मुंबईच्या आसपास एखादी खोली येईल, असा त्याचा विचार होता आणि तो वयाला धरूनच होता. चौदा नावांचा सातबारा पाहून दलाल परत फिरला. ज्या कागदाने मदत अडवली त्यानेच वाडी वाचवली, याचे समाधान मानावे की नाही, हे मला सांगता येत नाही. विक्री झाली असती तर कुटुंबाच्या वाट्याला प्रत्यक्षात किती आले असते, हाही प्रश्नच आहे.

रिकामी वर्षे भरण्याचा प्रयत्न

पोफळ लावल्यापासून फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि उंच जातीच्या बाणवली माडाला सहा ते आठ. मदत मात्र नुकसान झालेल्या दिवसापुरती मोजली जाते आणि एकदाच दिली जाते. मधल्या वर्षांत घर कशावर चालायचे, याचे उत्तर कोणत्याच दरपत्रकात नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा कोकणातला भर आंबा आणि काजू यांवर आहे, त्यामुळे त्या बाजूनेही सुपारीच्या वाडीला आधार नव्हता. ही रिकामी वर्षे कुटुंबाने कशी भरून काढली, ते आता पाहू.

पुनर्लागवडीसाठी रोजगार हमी योजनेचा मार्ग होता. महाराष्ट्रात फळबाग लागवड रोजगार हमीशी १९९० पासूनच जोडलेली आहे आणि वादळग्रस्त बागांसाठीही तिचा उपयोग करून घेता येत होता. कुटुंबाने जॉबकार्डे काढली. आजवर दुसऱ्याच्या कामावर न गेलेल्या बागायतदाराला मजूर म्हणून नोंद करून घेणे जड गेले, परंतु स्वतःच्याच वाडीत खड्डे काढण्याची मजुरी मिळते आहे हे कळल्यावर तो संकोच फार दिवस टिकला नाही. रोपांचा तुटवडा होता. श्रीवर्धनला सुपारीचे आणि रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे, पण एका दिवसात भुईसपाट झालेल्या दोन-तीन तालुक्यांना पुरतील एवढी रोपे कोणत्याही रोपवाटिकेत तयार नसतात. शेवटी आईने आग्रह धरून वाचलेल्या झाडांपैकी जुन्या, भरघोस धरणाऱ्या पोफळींच्या पिकल्या सुपाऱ्या वाफ्यात रुजत घातल्या. ती रोपे वर्ष-दीड वर्षाने लावण्याजोगी झाली. सगळी वाडी एकदम लागली नाही, याचा पुढे फायदाच झाला, तो कसा ते खाली येईल.

वाडीची मांडणी या वेळी बदलली. पूर्वी पोफळी जिथे रुजतील तिथे वाढू दिल्या जात. आता दोन झाडांत २.७ मीटर अंतर ठेवून ओळी धरल्या आणि मधल्या जागांचा विचार कोणते पीक कोणत्या वर्षी पैसा देईल, या क्रमाने केला. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी यांची मिश्र लागवड ‘लाखी बाग’ या नावाने बरीच वर्षे सांगितली आहे. कुटुंबाने ती जशीच्या तशी उचलली नाही, पण तिच्यातला कालक्रम उचलला. पहिल्या वर्षी केळी, म्हणजे रोपांना सावली आणि वर्षभरात घड. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून वाचलेल्या पोफळींवर नव्याने चढवलेली मिरी, आणि त्याच सुमारास दालचिनीची पहिली साल. त्यानंतर पोफळ, आणि सर्वांत शेवटी जायफळ व माड. जायफळाची रोपे बियांपासून केली तर नर किती आणि मादी किती निघतील याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे मात्र पैसे घालून मादीची कलमे आणली.

कागदावर हे नीट दिसते. प्रत्यक्षात केळीचा मोठा भाग वानरांनी खाल्ला. किनाऱ्याच्या गावांत वानर-माकडांचा उपद्रव आधीच होता, वादळाने डोंगरातली फळझाडे पाडल्यावर तो वाढला, आणि घड झाकून ठेवणे, कुत्रा पाळणे, फटाके वाजवणे हे सगळे उपाय आठवडाभरच्या कामाचे ठरले. केळीतून सावली मिळाली, पण धरलेले पैसे मिळाले नाहीत. त्यात १७ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. त्याचा तडाखा इथे निसर्गइतका नव्हता, तरी आधीच कललेले दोन माड आणि भाजलेल्या खोडांच्या काही पोफळी त्यात गेल्या आणि नवी कौले पुन्हा सरकली. सुपारीची बहुतेक रोपे अजून वाफ्यातच असल्यामुळे ती मात्र सुरक्षित राहिली.

पैशाची तूट भरून निघाली ती मुख्यतः पत्नीच्या प्रयत्नांतून. तिच्या नावावर बचतगटाचे कर्ज निघाले. त्यातून सुरुवातीला कोकम, आमसुले आणि कडव्या वालाची विक्री झाली, आणि पर्यटक पुन्हा येऊ लागल्यावर पडवीत घरगुती खाणावळ सुरू झाली. मुलगा टाळेबंदी उठल्यावर मुंबईला परतला होता, तो शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना मदतीला येऊ लागला, आणि उपाहारगृहात शिकलेले काम इथे उपयोगी पडल्यावर पुढे गावीच राहिला. त्याच्या आईचे दोन दागिने मात्र पहिल्या वर्षीच तारण पडले होते आणि त्यांतला एक सुटला नाही. मुलीने बारावी केली, पण ज्या वर्षी ती बाहेरगावी शिकायला जाणार होती ते वर्ष वाया गेले. कुटुंबाने कसे निभावले याच्या हिशेबात हे दोन खर्च सहसा धरले जात नाहीत.

कर्जमाफीचा या घराला उपयोग झाला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना थकबाकीदारांसाठी होती, आणि हे घर वेळेवर फेडणारे. नियमित कर्जफेड करणाऱ्यांसाठीचा प्रोत्साहनपर लाभ २०२२ च्या उत्तरार्धात वाटला जाऊ लागला. त्याची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती, परंतु ज्याचे कर्जच त्याहून लहान त्याला मुद्दलाएवढाच लाभ. भातापुरते कर्ज काढणाऱ्या या कुटुंबाला त्याप्रमाणे थोडीच रक्कम मिळाली. ती त्यांनी जायफळाची कलमे आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या यांत घातली.

नव्या पोफळी दोन टप्प्यांत लावल्या गेल्या. पहिल्या टप्प्यातील काही झाडे आता फुलोऱ्यावर येऊ लागली आहेत, दुसरा टप्पा त्यांच्या वर्षभर मागे आहे. मिरी विकली जाते आणि दालचिनी थोडीफार. सुपारी संघात घातल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण वादळापूर्वीच्या तुलनेत अजून फार कमी आहे, आणि घराच्या रोख उत्पन्नात आज खाणावळीचा वाटा वाडीपेक्षा मोठा आहे. त्यामुळे एक नवा पेच उभा राहिला आहे. मुलाला वाडीच्या दर्शनी भागात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. वडिलांना त्याच जागेत उरलेले माड लावायचे आहेत. बांधकामासाठी कर्ज काढायचे तर जागा स्वतःच्या नावावर हवी, म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे वाटपाचा अर्ज करण्याची तयारी चालू आहे. मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी झाल्या आहेत, त्यामुळे चौदाची नावे एकोणीस झाली. फोनवर अट घालणाऱ्या चुलत भावाने वाटपाला होकार दिला आहे, पण आपला हिस्सा रस्त्याच्या बाजूचा हवा असे त्याचे म्हणणे आहे, आणि रस्त्याची बाजू म्हणजे वाडीचा तोच दर्शनी भाग आहे.